हितोमारो दरबारात नेमका करत काय होता?

प्रश्न थोडक्यात असा: "जपानीच्या वर्गात ह्याकुनिन इश्शूचे पत्ते खेळायला दिले. त्यातली तिसरी कविता काकिनोमोतो नो हितोमारोची, लांब शेपटीच्या पक्ष्याची. हा कवी कोण? दरबारी कवी म्हणजे आपल्याकडच्या भाटासारखा का? आणि त्याचं मूळ वाचायचं तर सुरुवात कुठून करू?"

मी पुण्यात बावीस वर्षं जपानी शिकवते. पोट भरतं ते कारखान्यांच्या यंत्रांच्या माहितीपुस्तिका भाषांतरित करून, आणि जीव रमतो तो जुन्या कवितांत. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी एक निराशा करते. ती कविता बहुधा त्याची नाही. 'आशिबिकि नो यामादोरि नो ओ नो शिदारिओ नो नागानागाशि यो ओ हितोरि का मो नेमु': डोंगरातल्या यामादोरीच्या लोंबत्या शेपटीसारखी ही लांबच लांब रात्र, ती मी एकट्यानेच काढायची का? यामादोरी हा फेझंटच्या कुळातला तांबूस पक्षी. त्याची नर-मादी दिवसा जोडीने हिंडतात आणि रात्री दरीच्या दोन बाजूंना झोपतात, अशी तिथली जुनी समजूत. आपल्या चक्रवाकांची जोडी नदीच्या दोन काठांना जाते, तशीच. मान्योशू या सर्वांत जुन्या जपानी काव्यसंग्रहाच्या 11 व्या खंडात ही कविता सापडते, पण निनावी, आणि तीही दुसऱ्या एका कवितेखाली दिलेला पाठ म्हणून. पुढे 11 व्या शतकाच्या सुरुवातीच्या शूइशू या संग्रहात ती हितोमारोच्या नावावर चढली. 13 व्या शतकात फुजिवारा नो तेइकाने शंभर कवींची प्रत्येकी एक कविता निवडली, म्हणजेच ह्याकुनिन इश्शू केला, तेव्हा तीच उचलली आणि पुढे ती पत्त्यांवर गेली. मीसुद्धा सुरुवातीची काही वर्षं ती त्याचीच म्हणून शिकवत होते. एका मुलीने खंड उघडून "सेन्सेई, इथे तर नावच नाही" म्हटलं तेव्हा जीभ चावली.

आता माणसाकडे येऊ. हितोमारोबद्दल आपल्याला खात्रीने माहीत असलेलं सगळं एका पोस्टकार्डावर मावेल. निहोन शोकी आणि शोकू निहोन्गी हे त्या काळाचे दोन सरकारी इतिहास. दोन्हींत त्याचं नाव नाही. जे आहे ते मान्योशूतल्या कवितांवरच्या टिपांत. त्या टिपांवरून तारखा बसवता येतात: 689 मध्ये युवराज कुसाकाबे वारला त्यावरची शोककविता ही तारीख लागणारी पहिली मोठी रचना, आणि 700 मध्ये राजकन्या आसुका गेली त्यावरची शेवटची. म्हणजे सम्राज्ञी जितो आणि तिचा नातू सम्राट मोन्मु यांचा काळ. आपल्याकडे तेव्हा बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं, इतकं डोक्यात ठेवलं की पुरे.

त्याचा हुद्दा काय होता, हे कळतं ते एका अक्षरावरून. मला हा पुरावा फार आवडतो. त्या काळच्या कायद्यात माणूस मेला हे लिहायलाही हुद्द्यानुसार वेगवेगळी अक्षरं होती. तिसऱ्या किंवा त्याहून वरच्या दर्जाचा गेला की एक, चौथ्या-पाचव्या दर्जाचा गेला की दुसरं, आणि सहाव्या दर्जाचा किंवा त्याखालचा गेला की साधं 'मेला'. आपल्याकडे देवाज्ञा झाली, वारले, गेला यांत जो फरक आपण बोलता बोलता करतो, तो तिथे कलमात बांधलेला होता. हितोमारोच्या मृत्युसमयीच्या कवितेवरच्या टिपेत साधं 'मेला' आहे. म्हणजे साहेब सहाव्या दर्जाच्या वर कधी चढले नाहीत. गंमत अशी की 905 च्या कोकिनशू या काव्यसंग्रहाच्या प्रस्तावनेत त्याचा संपादक की नो त्सुरायुकी त्याला 'उता नो हिजिरी', कवितेचा ऋषी, म्हणतो आणि त्याच वाक्यात तिसऱ्या दर्जाचा अधिकारीही करून टाकतो. तिसऱ्या दर्जाचा माणूस सरकारी इतिहासातून गळणं शक्य नाही. दोनशे वर्षांत कीर्ती वाढली, तशी त्याला मरणोत्तर बढतीही मिळाली असं म्हणावं लागेल.

दरबारी कवी या नावाचं पद तेव्हा नव्हतं. तो शब्द आधुनिक अभ्यासकांनी सोयीसाठी वापरला. हितोमारो राजपुत्रांच्या पदरी असलेला सेवक असावा, असा अंदाज केला जातो. काम काय, तर प्रसंग आला की त्या प्रसंगाचे शब्द पुरवायचे. सम्राज्ञीची स्वारी योशिनोच्या डोंगरात गेली की तिथल्या डोंगराने आणि नदीने तिला वंदन केल्याचं गाणं. जितो आपल्या कारकिर्दीत तीसहून अधिक वेळा योशिनोला गेली, त्यामुळे हे काम कमी नव्हतं. राजपुत्र शिकारीला निघाला की त्याचं गाणं. राजघराण्यात कोणी गेलं की मोगारीचं गाणं. मोगारी म्हणजे दफनाआधी प्रेत तात्पुरत्या मंडपात ठेवायचं आणि महिनोन्‌महिने विधी चालवायचे. सम्राट तेन्मुच्या वेळी हे दोन वर्षांहून जास्त चाललं. एवढ्या लांब शोकाला तेवढेच लांब शब्द लागतात. ते शब्द घडवणं हा त्याचा धंदा.

तेव्हा भाट का? हो आणि नाही. आसुका या जुन्या राजधानीच्या गावात इकाझुचि नावाची टेकडी आहे. इकाझुचि म्हणजे गडगडाट. हितोमारो लिहितो: आमचे स्वामी देवच असल्यामुळे आभाळातल्या गडगडाटावरही त्यांनी आपली राहुटी ठोकली आहे. मी ती टेकडी पाहिली आहे. तिला टेकाड म्हणणंसुद्धा उदारपणा होईल; पर्वतीच्या निम्म्या पायऱ्या चढायला लागतो तेवढा दमही लागत नाही. हे शुद्ध भाटपण आहे आणि ते झकास केलं आहे.

पण त्याच माणसाने ओमिच्या, म्हणजे बिवा सरोवराभोवतीच्या प्रांतातल्या, पडक्या राजधानीवर लिहिलं आहे, आणि तिथे भाट हा शब्द तोकडा पडतो. त्यामागचं राजकारण समजून घ्या. सम्राट तेन्जीने 667 मध्ये राजधानी यामातोतून, म्हणजे आजच्या नाराच्या परिसरातून, उचलून बिवा सरोवराकाठी ओत्सुला नेली. तो गेला आणि 672 मध्ये त्याचा मुलगा आणि भाऊ यांच्यात वारसायुद्ध पेटलं. भाऊ जिंकला, तोच सम्राट तेन्मु. ओत्सुची राजधानी पाच वर्षांत उजाड झाली. आता जितो कोण? तेन्जीची मुलगी आणि तेन्मुची राणी. म्हणजे नवऱ्याच्या सैन्याने बापाची राजधानी बुडवली. अशा बाईच्या दरबारातल्या नोकराने त्या भग्न राजधानीवर काय लिहावं? एक शब्द इकडे कलला तर नवऱ्याचा अपमान, तिकडे कलला तर बापाचा.

हितोमारो काय करतो पाहा. तो देवांपासूनची राजवंशाची ओळ लावत येतो, सगळ्या राजांनी यामातोतूनच राज्य केलं म्हणतो, आणि मग तेन्जीपाशी येऊन थबकतो: 'इकासामा नि ओमोहोशिमेसे का'. महाराजांच्या मनात काय आलं कोण जाणे! दोष देत नाही, समर्थनही करत नाही. मग म्हणतो, राजवाडा इथेच होता असं ऐकतो, दरबार इथेच भरत होता असं सांगतात, पण इथे वसंतातलं गवत दाट वाढलंय, धुक्यात सूर्य अंधूक झालाय. युद्धाचं नावही नाही. जोडकवितेत तर माणसंच गायब: 'सासानामि नो शिगा नो कारासाकि साकिकु आरेदो', शिगाचं कारासाकि भूशिर होतं तसं खुशाल आहे, पण दरबाऱ्यांच्या होड्यांची वाट पाहून ते थकलं. 'कारासाकि' हे जागेचं नाव आणि 'साकिकु' म्हणजे खुशाल; नावाच्या पोटातूनच खुशाली काढली आहे, आणि त्यामुळे न परतणाऱ्या होड्या जास्त टोचतात. ही राजधानी नेमकी कुठे होती तेही पुढे लोक विसरले. 1974 मध्ये ओत्सुच्या निशिकोरी भागात उत्खननात खांबांचे खड्डे सापडले, तेव्हा जागा ठरली. तेराशे वर्षं 'इथेच होती असं सांगतात' हीच स्थिती होती.

आता कारागिरीबद्दल, कारण मला खरं बोलायचं आहे ते याबद्दल. हितोमारोचं मुख्य हत्यार चोका, म्हणजे लांब कविता: पाच आणि सात मात्रांच्या ओळी आलटून पालटून कितीही, शेवटी सात-सात. तिच्या शेपटीला एक-दोन हांका, पाच-सात-पाच-सात-सात अशा 31 मात्रांच्या जोडकविता. पुढच्या शतकांत ही शेपटीच तांका म्हणून उरली आणि चोका मागे पडली. त्याच्या नावावर जवळपास वीस चोका आणि साठेक तांका थेट आहेत. शिवाय 'हितोमारोचा संग्रह' नावाच्या, आता हरवलेल्या वहीतून मान्योशूत घेतलेल्या साडेतीनशेहून अधिक कविता. त्यातल्या किती त्याच्या, यावर वाद आहे. 672 च्या युद्धात सेनापती असलेला राजपुत्र ताकेची 696 मध्ये गेला. त्याच्यावरची चोका 149 ओळींची, मान्योशूतली सर्वांत लांब. तीत नगारे मेघासारखे, रणशिंगं वाघासारखी, निशाणं वणव्यासारखी, बाण बर्फासारखे. थोर रचना आहे, पण सुरुवातीला तिच्या वाटेला जाऊ नका.

वाचताना अडेल ते माकुराकोतोबा, म्हणजे 'उशी-शब्द'. ठरावीक शब्दाच्या आधी येणारं ठरावीक विशेषण, ज्याचा अर्थ पुष्कळदा कवीलाही नक्की माहीत नसे. पाठ्यपुस्तकांत याचं स्पष्टीकरण पानभर असतं. मी वर्गात एवढंच विचारते: काळा म्हटल्यावर आपण 'कुट्ट' का जोडतो? पिवळ्याला 'धमक' का? हिरव्याला 'गार' लावतो, आता हिरव्यात थंड काय आहे? 'कुट्ट' एकटा घेतला तर हातात काही येत नाही, पण 'काळाकुट्ट' म्हटलं की अंधार दाट होतो. उशी-शब्द तसाच, फक्त मागे नाही, पुढे लागतो. 'नुबातामा नो' आला की पाठोपाठ रात्र किंवा काळे केस. 'तामाहोको नो' आला की रस्ता. ऐकणाऱ्याचे कान आधीच टवकारतात. हितोमारोची करामत ही की अर्थ विसरलेल्या अशा शब्दांत तो पुन्हा अर्थ भरतो. यामातोच्या आधी 'सोरामित्सु' हा जुना चार मात्रांचा शब्द यायचा. ओमिच्या कवितेत त्याने तो 'सोरा नि मित्सु' केला. मात्रा पाच झाल्या, आणि 'आभाळ भरून राहिलेलं' असा सरळ अर्थही आला. एक 'नि' घातला, बस्स.

दुसरी अडचण लिपीची. तेव्हा काना, म्हणजे उच्चारांप्रमाणे लिहायची जपानी लिपी, नव्हती. जपानी भाषा चिनी अक्षरांत कोंबून लिहायची, कधी अर्थासाठी अक्षर, कधी उच्चारासाठी. 'हितोमारोच्या संग्रहा'तली एक कविता फक्त दहा अक्षरांत आहे: वसंत, वाळुंज, वेल, डोंगर, उठणे, ढग, उभं, बसलेलं, सखी, आठवण. यातून 31 मात्रा उभ्या करायच्या! 'हारुयानागि काझुराकि-यामा नि तात्सु कुमो नो ताचितेमो इतेमो इमो ओ शि झो ओमोउ'. वसंतातली वाळुंज केसांत माळतात, तिच्या माळेला काझुरा म्हणतात, त्यावरून काझुराकि डोंगर. त्यावर ढग उठतात. तसा मी उठता-बसता तिलाच आठवतो. 'ताचितेमो इतेमो' म्हणजे अक्षरशः उठता-बसता. भाषांतरकाराच्या नशिबात अशी सोन्याची ओळ क्वचित येते. इंग्रजीतून मराठी करणाऱ्यांना इथे काहीबाही फिरवून लिहावं लागतं. थेट जपानीतून आलात तर आजीच्या तोंडचा शब्द तयार आहे.

उलट टोकाचं उदाहरण म्हणजे त्याची बहुधा सर्वांत प्रसिद्ध तांका. कुसाकाबे वारल्यानंतर त्याचा लहान मुलगा, पुढचा सम्राट मोन्मु, बाप जिथे शिकारीला यायचा त्या आकीच्या माळावर मुक्कामाला जातो. पहाट होते. मूळ चौदा अक्षरं. आज आपण वाचतो ते असं: 'हिमुगाशि नो नो नि कागिरोहि नो तात्सु मिएते काएरिमि सुरेबा त्सुकि काताबुकिनु'. पूर्वेच्या माळावर पहाटेची आभा उठताना दिसली, मागे वळून पाहिलं तर चंद्र कलला होता. हे वाचन 18 व्या शतकातल्या कामो नो माबुचि या पंडिताचं. त्याआधी शेकडो वर्षं लोक याच अक्षरांचं वाचन 'आझुमानो नो केबुरि नो तातेरु तोकोरो मिते' असं करत. म्हणजे आझुमानो नावाच्या जागी धूर निघतोय ती जागा पाहून! ज्या अक्षराचा मूळ अर्थ ज्वाळा, त्याची एकाने पहाट केली, दुसऱ्याने चुलीचा धूर. शेवटची तीन अक्षरं 'चंद्र, पश्चिम, ओलांडणे' अशी आहेत. माबुचिने ती 'चंद्र कलला' अशी वाचली, काहींच्या मते सरळ 'त्सुकि निशि वातारु', चंद्र पश्चिमेला चालला, असंच वाचावं. मोडी कागद वाचणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल: ऱ्हस्व-दीर्घ नाही, शब्द तोडलेले नाहीत, आणि मजकूर काय असणार हे आधी ठाऊक असेल तरच वाचता येतो. माबुचि पंडित तर होताच, शिवाय कवीही होता. आज आपण जी ओळ हितोमारोची म्हणून डोक्यावर घेतो, तिच्यात निदान थोडा माबुचि आहे. मला त्यात वावगं वाटत नाही. नारा प्रांतात उदा इथे दरवर्षी चांद्र पंचांगाच्या 11 व्या महिन्याच्या 17 व्या तिथीला लोक थंडीत कुडकुडत पहाटे ती आभा बघायला जमतात. धूर बघायला कोण जमलं असतं?

आता ज्यासाठी मी हितोमारो सोडू शकत नाही ते. राजपुत्रांच्या मोगारीसाठी घासूनपुसून तयार केलेलं हे भव्य हत्यार त्याने स्वतःच्या बायकोसाठी उचललं. कवितेवरची टीप म्हणते, पत्नी वारल्यावर रक्ताचे अश्रू ढाळत केलेली रचना. तेव्हा नवरा-बायको बहुधा एकत्र राहत नसत, पुरुष रात्री तिच्या घरी जायचा. ही कारू गावची. कवी सांगतो की सारखं जावंसं वाटायचं, पण वरचेवर गेलो तर लोकांच्या नजरेत येईल, बभ्रा होईल. पुढे भेटूच की, मोठ्या नावेवर भरवसा ठेवावा तसा भरवसा ठेवून राहिलो. आणि निरोप्या येऊन सांगतो, ती गेली. काय बोलावं, काय करावं सुचेना. नुसतं ऐकून बसवेना. म्हणून तो उठतो आणि कारूच्या बाजारात जातो, जिथे ती नेहमी यायची. उभा राहून कान देतो. उनेबि डोंगरावरच्या पाखरांचाही आवाज नाही. रस्त्याने जाणाऱ्यांत एकही तिच्यासारखी दिसत नाही. तेव्हा इलाज नाही म्हणून तो तिचं नाव घेऊन हाक मारतो आणि बाही हलवतो. कविता तिथेच संपते.

जन्मभर ज्या गोष्टीची लपवालपवी केली, ती तो भर बाजारात करतो: नाव घेतो. आणि नाव आपल्याला सांगत नाही. इथे 'तामादासुकि' हा उनेबिचा आणि 'तामाहोको नो' हा रस्त्याचा उशी-शब्द अगदी शेवटच्या ओळींत येतात. दरबारी थाटाचे शब्द, आणि त्यांच्या मधोमध बाजारात उभा असलेला फार तर सहाव्या दर्जाचा माणूस. कोणी याला नुसती रीत म्हणतात, कोणी म्हणतात दरबारात ऐकवायला रचलेली गोष्ट, प्रत्यक्ष त्याची बायको नव्हेच. असेलही. मला त्याने फरक पडत नाही. खेड्यात सुतकाच्या घरी बायका हेल काढून रडताना मी लहानपणी ऐकलं आहे. तो हेल ठरलेला असतो, शब्दही पुष्कळसे ठरलेले. म्हणून ते रडणं खोटं कसं म्हणणार?

जोडकविता तर आणखी पुढे जाते. ती मेली असं म्हणतच नाही: शरदातल्या डोंगरात लाल पानं इतकी दाटली आहेत की ती वाट चुकली, तिला शोधायला जायचं तर मला डोंगराची वाट माहीत नाही.

पुढे दफनाऐवजी दहनाची चाल आली. जितो ही दहन झालेली पहिली सम्राज्ञी. ती 702-703 च्या हिवाळ्यात वारली. मोगारीचे विधी आटोपते झाले आणि लांब शोककवितेची गरजही हळूहळू सरली. हितोमारोने दहनावरही लिहिलं आहे. हात्सुसेच्या डोंगरात एका तरुणीला अग्नी दिला, तेव्हा तो डोंगरांमध्ये रेंगाळणाऱ्या ढगाकडे बघून विचारतो, तीच तर नव्हे? 31 मात्रांत संपलं. नव्या काळाला एवढं पुरत होतं.

मृत्यूबद्दल: इवामि प्रांतात, म्हणजे आजच्या शिमानेत, 'कामोयामाच्या खडकाची उशी करून मी पडलोय आणि हे माहीत नसलेली बायको वाट बघत असेल' अशी त्याची स्वतःची तांका आहे. तिच्या पाठोपाठ पत्नी योसामि हिची: आज येईल, आज येईल म्हणून वाट बघत होते, तो इशिकावाच्या 'काइ'मध्ये मिसळून गेलाय म्हणे. या 'काइ'वर किती कागद खर्ची पडला सांगता सोय नाही. काइ म्हणजे शिंपला, आणि काइ म्हणजे घळसुद्धा. शिंपला धरला तर मृत्यू समुद्राकाठी, घळ धरली तर डोंगरात. सैतो मोकिचि हा कवी, पेशाने मनोविकारतज्ज्ञ, 1930 च्या दशकात घळ धरून डोंगर हिंडला आणि युगाकाइ इथे कामोयामा ठरवून मोकळा झाला. 1970 च्या दशकात तत्त्वज्ञ उमेहारा ताकेशीने शिंपला धरला आणि हितोमारोला देहदंड म्हणून पाण्यात बुडवलं, 708 मध्ये वारलेला काकिनोमोतो नो सारु हाच तो, असं मांडलं. सारु म्हणजे माकड. 'हितो' म्हणजे माणूस, त्याचं शिक्षेने माकड केलं, असा तर्क. वाचायला रहस्यकथेसारखं आहे. मला पटत नाही. सारु हे त्या काळचं सरळ नाव असू शकतं, आणि बाकी इमारत एका शिंपल्यावर उभी आहे.

लोकांनी मात्र त्याला देव केलं. 1118 मध्ये फुजिवारा नो आकिसुएने त्याचं चित्र टांगून, नैवेद्य ठेवून कविसंमेलन भरवलं आणि ती रीतच पडली. आकाशीला त्याचं देऊळ आहे. खालच्या हितोमारुमाए स्थानकाच्या फलाटावरून जपानची प्रमाणवेळ ठरवणारी 135 अंशांची रेखा आडवी काढली आहे. मी तिच्या दोन बाजूंना दोन पाय ठेवून फोटो काढून घेतला. देवळात लोक येतात ते कवितेसाठी थोडे, आगीपासून रक्षण आणि सुखरूप बाळंतपण यासाठी जास्त. कारण हितोमारु हे 'हि तोमारु' म्हणजे आग थांबते, असं ऐकू येतं, आणि 'हितो उमारु' म्हणजे माणूस जन्मतो, असंही. नावाच्या पोटातून खुशाली काढणाऱ्या कवीला अशीच भक्ती मिळायची.

सुरुवात कुठून, या प्रश्नाला माझं उत्तर: मान्योशूच्या 2 ऱ्या खंडातली 133 वी. काना लिपीत लिहिलेला पाठ घ्या आणि मोठ्याने म्हणा. 'सासा नो हा वा मियामा मो साया नि सायागेदोमो वारे वा इमो ओमोउ वाकारेकिनुरेबा'. बायकोला इवामित ठेवून राजधानीकडे निघाल्यावरची. खुज्या बांबूची पानं अवघा डोंगर भरून सळसळतायत, तरी मी तिलाच आठवतोय, सोडून आलोय ना. त्या सा-सा-साया-सायाला मराठीत सळसळ आयती मिळते, त्यामुळे अर्धं काम भाषाच करते. 'सायागे' हे वाचनही वादाचं आहे, मूळ अक्षर 'विस्कटणे' असं आहे. पण कान लावलात तर कुठलं वाचन घ्यायचं हे विचारावं लागणार नाही. नंतर आकीच्या माळावरची, 1 ल्या खंडातली 48 वी. मग 3 ऱ्या खंडातली 266 वी, ओमिच्या संध्याकाळच्या लाटांवरच्या पाखरांची. मग कारूचा बाजार, 207, आठवडाभर पुरवून. शब्दकोश हवाच, पण एकेका उशी-शब्दाचा अर्थ खणत बसू नका. ज्यांनी गाथासप्तशती वाचली असेल त्यांना तांका लवकर उघडते, सांगायचं ते सोडून द्यायची सवय दोन्हीकडे आहे. पण चोकासाठी तो अनुभव कामाचा नाही, तिला दम लागतो.

आणि 133 च्या आधीची 131 वी चोका शेवटी वाचा. तीत तो वाटेच्या प्रत्येक वळणावर मागे वळून बघतो, गाव लांब जातं, डोंगर मध्ये येतात, आणि अखेरीस तो डोंगरांनाच हुकूम सोडतो: 'नाबिके कोनो यामा'. नाबिकु हे क्रियापद तो समुद्रातल्या शेवाळासाठी वापरतो, आणि कारूच्या कवितेत कुशीत येणाऱ्या बायकोसाठी. लाटेबरोबर जे अलगद कलतं ते. डोंगराला कोणी असं सांगतं का? मी आधी 'वाका रे डोंगरांनो' केलं होतं. त्यात पाठ मोडल्यासारखं वाटलं. मग 'झुका', त्यात नमस्कार शिरला. गेल्या वर्षीपासून 'लवा रे डोंगरांनो, तिचं दार दिसू दे' यावर आहे. गवत लवतं, वेल लवते, पाती लवते. डोंगर अजून पुरता लवलेला नाही, पण बघते.